उलटं करू नये

खोली बघायला गेले तेव्हा अक्कांनी आधी पाणी दिलं. मी प्यायले आणि पेला खाली ठेवला. त्यांनी पेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे निकाल दिला, की तू आपटणारी हायस.

अक्कांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, आपटणारी आणि धरणारी. जात, गाव, शिक्षण, पगार यातलं काही त्या विचारत नसत. पेला कसा ठेवतो, दार कसं ओढतो, खांद्यावरची पिशवी कशी उतरवतो, एवढ्यावर त्यांचं भागायचं. मी नांदेडची, रसायनशास्त्रात एम.एस्सी., लातूरच्या एका क्लासमध्ये नीटच्या पोरांना शिकवायला आलेली. या सगळ्याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. तरी खोली दिली. मला वाटलं माझा चेहरा सालस दिसला असेल. डोंबलाचा सालस! क्लासवाल्या बाईकडं सोडवलेल्या पेपरांचे गठ्ठे असतात आणि तो कागद अक्कांना हवा होता, हे मला पुढं कळलं.

अक्का महालक्ष्म्यांचे मुखवटे करायच्या. गणपतीमागून येणाऱ्या, तीन दिवस राहून जाणाऱ्या ज्येष्ठा आणि कनिष्ठा, त्यांचे. साचा नाही, यंत्र नाही. कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात मेथीचं पीठ आणि खळ घालून लगदा मळायचा, चेहरा हातानं घडवायचा, वरून शाडूचा पातळ हात, मग रंग. डोळे शेवटी. मुरूडला त्यांच्या माहेरी हे काम चालायचं, तिथं बघत बघत शिकलेल्या. सासरी मात्र महालक्ष्म्या बसतच नव्हत्या. मालक गावाकडं शेती बघायचे आणि बाजाराच्या दिवशी लातूरला येऊन, जेवून, मुखवट्यांच्या खोलीत न डोकावता परत जायचे. आपण कोणत्या गटात मोडतो ते त्यांना लग्नानंतर लगेच कळलं असावं.

तर माझे पेपर. परीक्षा झाली, मार्क सांगून झाले, की गठ्ठा थेट अक्कांच्या टबात. कागदाची त्यांना भारी पारख. गणिताचा पेपर चिकट, फिजिक्सचा ठिसूळ, आणि केमिस्ट्रीचा लगदा नाकाला एक नंबर. एकदा मी क्लासमधून वैतागून आले, पोरांनी सगळा पेपर चुकीचा सोडवलेला. अक्का म्हणाल्या, चुकू दे की, नाक झकास व्हायलंय. माझ्या शिकवण्याचं असं चीज मी दुसरीकडं कुठं होताना बघितलं नाही.

त्या घरात राहायचं म्हणजे नियम पाळायचे. दार ओढायचं नाही, टेकवायचं. मिक्सर मागच्या अंगणात जाऊन लावायचा, कारण ओट्यावर लावला की भिंत थरथरते, भिंत थरथरली की फळी, आणि फळीवर त्या बसलेल्या. गल्लीत डीजे आला की अक्का फळीवरच्या सगळ्या मुखवट्यांना कानावरून रुमाल बांधायच्या. हादरा बसू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. पण रुमालाची गाठ हनुवटीखाली इतक्या मायेनं घालायच्या, की थंडीत शाळेला निघालेल्या पोरींची रांग वाटावी. मी एकदा हसले, तर आठवडाभर मला ताक मिळालं नाही.

आणखी एक खोड होती. दिलेल्या जोडीचं त्या पुन्हा तोंड बघत नसत. महालक्ष्म्यांचे तीन दिवस गल्लीभर हळदीकुंकू चाललेलं, घरोघरून आमंत्रणं, आणि अक्का दाराला आतून कडी घालून पडून राहायच्या. मला म्हणाल्या, गेलं की भुवईच दिसती. चेहरा दिसतच न्हाई, चुकल्याली भुवई तेवढी दिसती. मी म्हटलं, कुणाला कळतं? त्यांनी माझ्याकडं अशी कीव करून बघितलं, की मी माझा चहा घेऊन वर निघून गेले.

पूर्वी जोडी पोचवायला त्या स्वतः जायच्या. उदगीर, निलंगा, परळी, कुठंही. टोपलीत जोडी, टोपलीवर लुगडं, टोपली मांडीवर. आणि टोपलीचं तिकीट काढायच्या! कंडक्टर म्हणायचा, मावशी, एवढ्याशा सामानाला तिकीट लागत नाही. त्या म्हणायच्या, सामान कुठलं, दोघी बायका हायत, बायकांना अर्धं असतंय ना, मग दोन अर्धी फाड. बहुतेक कंडक्टर हात जोडून फाडायचे. तिकीट काढलंय म्हटल्यावर शेजारची जागा देवीची. एकदा निलंग्याच्या गाडीत पांढऱ्या कपड्यातला एक पुढारी ती जागा मागायला लागला. अक्का म्हणाल्या, बस बाबा, पर त्यांना मांडीवर घ्यावं लागंल. तो बसला. निलंगा येईपर्यंत त्यानं पाय हलवला नाही, फोन वाजला तरी उचलला नाही. उतरताना त्याला मुंग्या आल्या होत्या आणि अक्कांनी त्याला धरणाऱ्यात घेतलं. पुढं निवडणुकीत त्या त्याचं गुणगान करत फिरल्या.

मग गुडघ्यानं घात केला. डॉक्टरांनी पट्टा दिला, बसची पायरी बंद केली. त्याच सुमाराला त्यांच्या मुखवट्यांचे फोटो कुणी कुणी मोबाईलवर पाठवले आणि पुण्याहून, हैदराबादहून मागणी येऊ लागली. आता पाठवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अक्कांनी ठरवलं, की आपण जाऊ शकत नाही तर आपल्या मांडीसारखं काहीतरी खोक्यात घालायचं.

ते दिवस मी जन्मात विसरणार नाही. पारखायला रोज उडदाचा एक कच्चा पापड. मुखवट्याच्या नाकाएवढा नाजूक घरात तोच. पापड खोक्यात बांधायचा, खोका जिन्यावरून खाली सोडायचा, उघडून बघायचं. सोडायचं काम माझ्याकडं. अक्का म्हणायच्या, तुझ्याइतकं आपटायला कुणाला जमनार. मी क्लासचे कपडे घालून, डबा खांद्याला लावून, सकाळच्या वेळी जिन्यावरून खोके फेकत असे आणि समोरच्या गच्चीवरची मंडळी चहा पीत बघत असत. आत सोयाबीनचं भुसकट घालून बघितलं, तर मला शिंकांनी बेजार केलं. चुरमुरे घातले, ते पापडाला मानवले. पण हैदराबादच्या बाईचा फोन आला, की देवी सुखरूप पोचल्या, सोबत मुंग्या पण. शेवटी माझे पेपरच कामी आले. एकेक कागद चुरगळून, हातानं जरा सैल करून, देवीभोवती जुन्या लुगड्याचा वेढा, त्याभोवती पेपर, छोटा खोका मोठ्या खोक्यात, मधे परत पेपर. पापड जिन्यावरून गेला, गच्चीवरून गेला, अख्खा राहिला. त्या दिवशी अक्कांनी तो तळून मला दिला.

आणि तरी पुण्याला गेलेल्या एका जोडीचं नाक गेलं. वाटेत कुणी काय केलं देव जाणे. त्या घरच्या बाईनं फोटो पाठवला. कनिष्ठेचं नाक तुटून नथीसकट कागदात पडलेलं. अक्कांनी फोटो बघितला आणि फोन जमिनीवर उताणा ठेवला. मी म्हटलं, चिकटवता येईल. म्हणाल्या, नाक गेलं की देवी न्हाई, बाहुली. जोडी परत मागवली, मांजरा नदीत सोडून आल्या, आणि आल्यावर ओसरीत बसून मला सांगितलं.

"अजून एक जोडी अशी वाटंत गेली की मी हात धुतले. परत लगदा मळनार न्हाई."

मी त्यांना ओळखत होते. ही बाई डाळीत मीठ जास्त झालं म्हणून वर्षभर डाळ न करणारी. बोलली म्हणजे करणार. मला भीती वाटली. त्या घरात लगद्याचा आंबूस वास, मेथीचा कडवट वास, फळीवरची ती तोंडं, या सगळ्याची मला सवय झाली होती, आणि अक्कांचा लळा लागला होता. हे काम थांबलं तर या बाईचं काय होईल, हा विचार मला सहन होत नव्हता.

नेमकी त्याच वर्षी आमच्या आईची जोडी गेली. नांदेडमध्ये घर बदललं, ट्रकमधून सामान उतरवताना ट्रंक आपटली आणि आजीच्या वेळच्या मुखवट्यांना तडे गेले. आईनं त्या गोदावरीत सोडल्या आणि तेव्हापासून तिचं कशात लक्ष नव्हतं. वडील जाऊन वर्ष झालेलं, आदल्या वर्षी सण झाला नव्हता. यंदा करायचा तर देवी नाहीत. मी अक्कांना सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही, आईचा फोटो तेवढा मागितला. म्हणाल्या, घरच्या बाईशी जुळायला पायजे. अख्खा उन्हाळा त्या जोडीवर होत्या. डोळे काढले त्या दिवशी मला आत बोलावलं. मी बघितलं. आई रागावण्याच्या जरा आधी जशी दिसते, तसं काहीतरी त्या ज्येष्ठेच्या ओठांत होतं.

मी स्वतः घेऊन गेले असते. पण क्लासची परीक्षा लागलेली, सुट्टी मिळणार ती पूजेच्या दिवशी, आणि महालक्ष्म्या येणार त्याच्या आदल्या दिवशी. शिवाय अक्का मला जोडी देतील, हे कुणी मनातही आणू नये. मग मी एका खाजगी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरशी बोलून ठेवलं, त्याचं नाव, गाडीचा नंबर, सगळं अक्कांना सांगितलं, आईला सांगितलं, आणि परीक्षेला गेले.

संध्याकाळी आईचा फोन. ती नांदेडच्या स्टॉपवर पावसात उभी, हातात कुंकवाचं ताट, वर छत्री, आणि गाडीत खोका नाही. ड्रायव्हर म्हणतो, मला कुणी दिलाच नाही.

मी धावत घरी आले. अक्का निवांत वाती वळत बसलेल्या. म्हणाल्या, दिला की. पण त्याला न्हाई. मी म्हटलं, मग कुणाला? तर झालं होतं असं, की मी ठरवलेला ड्रायव्हर गाडीतून खाली थुंकला. देवी नेणारा थुंकतो म्हटल्यावर अक्कांनी खोका मागं घेतला. शेजारी लाल पडद्यांची दुसरी गाडी उभी. तिच्या ड्रायव्हरनं केबिनमध्ये चपला काढून ठेवलेल्या, समोर उदबत्ती लावलेली, आणि दार हळू टेकवलं. म्हणजे धरणारा. पाटीवर पहिलंच नाव नांदेड. अक्कांनी खोका त्याच्या हाती दिला, त्यानं तो कपाळाला लावला. नंबर? घेतला नाही. नाव? विचारलं नाही. पत्ता खोक्यावर हाय की, म्हणाल्या, आणि पुढची वात वळायला घेतली.

त्यानंतर मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अक्का ऐकून घेत होत्या. वाती वळायच्या थांबल्या होत्या. मग त्यांचा चेहरा बारीक होत गेला आणि माझाच आवाज खाली आला.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे महालक्ष्म्या येण्याच्या दिवशी, मी अहमदपूर, लोहा, नांदेड, वाटेतल्या एकेका बुकिंगवाल्याला फोन केले. लाल पडद्यांची गाडी कुणी बघितली नव्हती. आई फोनवर जे बोलायचं ते बोलली आणि मग तिनं दोन तांब्यांवर काजळानं डोळे काढून त्या बसवल्या. पूजेच्या सकाळी लातूरच्या स्टॉपवर एका हमालानं सांगितलं, की त्या वेळची लाल पडद्यांची गाडी नांदेडहून येते आणि सोलापूरला जाते, पाटी दोन्हीकडं तीच. मी औशाच्या बुकिंगवर फोन लावला. पलीकडचा माणूस इतक्या आनंदानं बोलला, की माझं डोकंच फिरलं. "आमच्याकडंच हायत की त्या. या जेवायला."

औसा लातूरहून अर्ध्या तासावर. आम्ही शंभर कोसांवर फोन करत होतो आणि त्या शेजारच्या गावी बसलेल्या. अक्का पट्टा बांधून जीपमध्ये चढल्या, मी नको म्हणत असताना. मी मनात भांडण जुळवत होते, पोलिसांत जाते इथपर्यंत. अक्का वाटेत एकच बोलल्या, की नाक गेलं असंल.

घर किल्ल्याकडच्या गल्लीत. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं. बुकिंगवाला दारात, त्याची म्हातारी आई खाटेवर, बायको आतून हाताला पुरण लागलेलं तशीच बाहेर आली. आणि समोर त्या. त्या घरात महालक्ष्म्यांचं सामान कुठलं असणार, पाण्याच्या स्टीलच्या घागरींवर घागरी रचून धडं केलेली. एकीला सुनेच्या लग्नातला शालू, दुसरीला म्हातारीची जुनी इरकल. नाकं होती. दोघींची. नथीसकट.

अक्का भिंतीला धरून खाली बसल्या.

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी बोलू लागली. त्यांच्यात महालक्ष्म्या बसत नव्हत्या. सून लग्न करून आली ती माहेरच्या महालक्ष्म्यांची आठवण घेऊन. दरवर्षी म्हणायची, आपण बसवू. म्हातारी म्हणायची, हौसेनं आणायच्या नसतात, त्या आपल्या पायानं आल्या तर बघू. आणि परवा सोलापूरच्या गाडीवाल्यानं खोका तिच्या मुलाजवळ दिला, की पत्ता सापडेना, सणाच्या तोंडावर देवीला गाडीत फिरवणं बरं नाही, कुणी विचारत येईल. कुणी आलं नाही. येण्याचा दिवस उजाडला. बंद ऑफिसात देवी कशी ठेवायची म्हणून मुलानं खोका घरी आणला, आणि सून दारात धान्याचं माप घेऊन उभीच होती.

सून हळू आवाजात म्हणाली, की लई नीट बांधलं होतं, सोडता सोडता दुपार झाली. आतले कागदही तिनं फेकले नव्हते. एकेक सरळ करून, हातानं दाबून, गठ्ठा लावून देवीच्या पायाशी ठेवला होता, देवीबरोबर आलेत म्हणून. मी वाकून बघितलं. आमच्या क्लासचा मोल संकल्पनेचा पेपर, वर हळदीकुंकू आणि आघाडा. त्यातल्या एका पोराला मीच चार मार्क दिले होते.

"पत्ता खोक्यावर होता," मी शेवटी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

"न्हाई मॅडम," बुकिंगवाला म्हणाला. "चारी बाजूंनी वाचलं मी. ड्रायव्हरनंबी वाचलं."

खोका कोपऱ्यात होता, रिकामा, तरी सरळ उभा, वर फूल ठेवलेलं. मी जवळ गेले. वरच्या बाजूला स्वस्तिक. समोर, आत महालक्ष्म्या हायत, पाय लावू नये. उजवीकडं, पावसात ठेवू नये, उन्हात ठेवू नये. डावीकडं, आपटणाऱ्यानं हात लावू नये. मागं, उलटं करू नये, देवीची शपथ हाय. पत्त्याला जागाच उरली नव्हती. मी अक्कांकडं बघितलं.

"खाली हाय," अक्का म्हणाल्या. "बुडाला."

इतक्या लोकांच्या हातातून तो खोका गेला, ड्रायव्हर, क्लीनर, बुकिंगवाला, म्हातारी, सून, आणि रिकामा झाल्यावरसुद्धा तो कुणी उलटा केला नव्हता. दोन दिवस मी ज्या लोकांना शिव्या घालत होते, त्यांनी अक्कांचा शब्द न् शब्द पाळला होता. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. हसावं का रडावं तेही कळेना. मी खोका उचलायला हात घातला, नांदेडचा पत्ता त्यांना दाखवावा म्हणून. अक्कांनी माझं मनगट धरलं.

सून पुरणाचा हात तसाच धरून उभी होती. "न्यायला आलाव का?" तिनं विचारलं. "आज पूजा हाय. उद्या उठवल्यावर न्या, मी बांधून देते. आज नका नेऊ."

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मग देवींकडं बघितलं, खूप वेळ, एकीकडून दुसरीकडं. मला वाटलं आता भुवई काढतील.

"उद्याबी न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्या हितंच राहनार. तुझ्या घरी आल्यात, तुझ्याच हायत. दरसाली बसव."

सून रडू लागली आणि तशीच आत पोळी लाटायला गेली. आम्ही जेवलो. पुरण, आंबील, सोळा भाज्यांची ती एकत्र भाजी. म्हातारीनं अक्कांची ओटी भरली. अक्का देवींच्या अगदी समोर बसून सावकाश जेवल्या. मला आनंद झाला होता आणि आईची आठवण येत होती, दोन्ही एकदमच.

स्टॉपवर जीपची वाट बघत उभ्या राहिलो. मला वाटत होतं सगळं चांगलं झालं. जोडी शाबूत, घर भरलं, आता काय राहिलं? मी तसं म्हटलं. अक्का रस्त्याकडं बघत होत्या.

"नांदेडची जोडी नांदेडला गेली न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं गेली न्हाई. बोलले ते बोलले. आता बस."

मी पुष्कळ समजावलं. कशानं ऐकतील! तेवढ्यात आईचा फोन आला. मी घाबरत घाबरत सांगू लागले, आणि आई तिकडून जी सुरू झाली, की पावसात उभं राहण्यापासून तांब्यांवरच्या काजळापर्यंत. अक्कांनी हात पुढं केला. त्या फोनवर कधी बोलत नसत, पण फोन घेतला, तोंडासमोर धरला आणि सगळ्या स्टॉपला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, की ताई, पोरीची चूक न्हाई. मी दुसऱ्या गाडीत दिल्या, पत्ता बुडाला लिवला, औशाच्या घरी बसल्या, अन् बसलेल्या मी उठवल्या न्हाईत. तुमच्या देवी मी दुसऱ्याला दिल्या. काय बोलायचं ते मला बोला.

आमची आई गप्प बसली की आम्ही भावंडं घर सोडून पळायचो. स्पीकरवर नुसती नांदेडच्या पावसाची सर ऐकू येत होती.

"साड्या कोणत्या नेसवल्यात तिनं?" आईनं विचारलं.

अक्कांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्या सांगू लागल्या. शालू, इरकल, काठ, नथ, वेणी, घागरी, पावलं, सुनेनं पदर कसा काढला, म्हातारीनं ओटी कशी भरली. आई मधून मधून हं म्हणत होती, आणि तिचा आवाज ओला होत होता. मी दुसरीकडं तोंड केलं.

"बरं झालं," आई म्हणाली. "बाईची हौस झाली. मी माझ्या दोघींना एक मोतिया अन् एक हिरवी काढून ठेवली होती, ती तशीच घडीत राहिली. पुढच्या साली त्या साड्यांवर खुलतील अशा करून द्या. मी स्वतः येईन न्यायला."

जीप आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला, लोक चढू लागले. मी अक्कांचा हात धरला, त्यांनी सोडवून घेतला. फोन त्यांनी आता कानाला लावला होता.

"ताई," त्यांनी विचारलं, "हिरवी म्हंजी कसली? पोपटी का शेवाळी?"